एकाच माणसाचं अ‍ॅप

प्रीतमचं तेरावं आटोपलं, कणकवलीची मंडळी गावी परतली, आणि कल्पिताला तेव्हा कुठे आठवलं की आपला फोन पर्समध्येच पडलाय. नवरा गेला त्या दिवशी सकाळीच फोनची बॅटरी संपली होती. चार्जर कांजूरमार्गला घरी राहिला होता आणि ती घाटकोपरच्या लॅबमध्ये, रक्ताचे नमुने घेण्याच्या काउंटरवर. म्हणून बातमी लॅबच्या फोनवर आली. मुलुंडला कुणाच्या तरी घरी एसी दुरुस्त करताना प्रीतम शिडीवरून उतरला, पाणी मागितलं आणि खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्याबरोबरच्या कारागिराने हे सगळं नीट, क्रमाने सांगितलं. कल्पितानेही "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

आता फोन चार्जिंगला लावल्यावर तो बराच वेळ थरथरत राहिला. सोसायटीचा ग्रुप, लॅबचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. हात जोडलेली चित्रं, पांढरी फुलं. ती एकेक सरकवत गेली. या सगळ्यांच्या खाली एक ओळ होती: नवा संदेश. नाव नाही, मजकूर नाही.

तिला कळलं. त्या अ‍ॅपवर तिला मेसेज करणारा माणूस एकच होता.

तिने फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेली.

ते अ‍ॅप त्यांनी लग्नाआधी घेतलं होतं. कल्पिता वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, प्रीतम मालवणी; कुठून तरी घरी वास लागला आणि तिचा भाऊ विकी रोज संध्याकाळी तिचा फोन तपासू लागला. नुसता तपासून भागेना, तेव्हा तिचे चॅट त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर जोडून घेतले. ती घरात काय लिहिते ते तो गल्लीच्या टोकाला बसून वाचायचा. हे कळायला तिला खूप दिवस लागले.

प्रीतमने मग दोन आठवडे डोकं लावलं. आरे कॉलनीत बसथांब्याच्या कट्ट्यावर बसून तो तिला एकेक अ‍ॅप समजावायचा. "हे बघ, यात मेसेजला कुलूप असतं, पण ते दर वेळी आपण लावायचं. विसरलो की वाट लागली. हे दुसरं, याला नंबरपण लागत नाही. पण नवीन फोन घेतला की सगळं परत पहिल्यापासून." तिसरं त्याने शेवटी ठेवलं होतं. "कुलूप तर आता सगळेच लावतात गं. पण आपण लपवतोय कोणापासून? वाटेतल्या चोरापासून नाही. तुझा भाऊ फोनच हातात घेतो ना? मग मेसेज मागे राहताच कामा नये. यात वाचला की आठवड्याने आपोआप जातो. नाव दिसत नाही, उघडायला वेगळा पिन."

विकीला शेवटपर्यंत काही सापडलं नाही. लग्न झालं, वर्षभराने माहेरचा राग निवळला, तरी ते अ‍ॅप दोघांनी ठेवलं. कारण काही नव्हतं. बाकी सगळ्या ग्रुपवर कोणी ना कोणी असायचंच. इथे दोघंच असायचे. दूध आण, पोचलो, आईचं बीपी वाढलंय. आठवडा झाला की जायचं. जपून ठेवावं असं त्यात काय होतं?

म्हणून आता त्या अ‍ॅपमध्ये त्याचं काहीच उरलं नव्हतं. फक्त हा एक मेसेज होता, कारण तो वाचलेला नव्हता. उघडला की त्याचं घड्याळ सुरू होणार.

ती पुन्हा कामावर जाऊ लागली. माणसांच्या दंडाला पट्टा बांधायची, मूठ आवळा म्हणायची, सुई टोचायची. कुणी म्हणालं, हात हलका आहे तुमचा, तर मान हलवायची. सासूबाई, सगुणा, दुपारभर गॅलरीत बसून असायच्या. दोघी एकमेकींना जेवायला वाढायच्या. रडणं दोघींनाही येत नव्हतं.

एका रविवारी विकी आला. हातात तिच्या आईने साफ करून दिलेल्या बोंबलांचा डबा होता. तिला चार दिवस वेसाव्याला न्यायचं होतं, पण तो विषय कसा काढावा हे त्याला सुचेना, म्हणून तो पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत राहिला. कल्पिताचा फोन टेबलावर होता. तो उजळला, तेव्हा विकीची नजर गेली.

"मेसेज पडलाय तुझा. बघत नाहीस?"

"त्याचा आहे."

"कुणाचा?"

"प्रीतमचा. त्या दिवशी पाठवलेला."

विकी सरळ बसला. "मग उघड ना."

"उघडला की आठवड्याने जातो. तसंच आहे ते अ‍ॅप."

"असलं कसलं अ‍ॅप घेतलंत यार?"

"तुझ्यासाठी घेतलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बस किती नंबरची ते सांगावं तसं तिने सांगितलं. "तू फोन बघायचास म्हणून."

विकीने बोंबलांच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट दाबलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही तुझ्या त्या मैत्रिणीच्या, श्रुतिकाच्या फोनवरून बोलता."

"माहितीय."

"तिच्या दारात जाऊन मी तिच्या बापासमोर वाटेल ते बोललो होतो. तिचं कॉलेज बंद केलं त्याने."

"हो."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

विकीने खिशातून स्वतःचा फोन काढला. "तू उघड. मी वरून फोटो काढतो. म्हणजे कायमचा राहील."

त्याचा हात तिच्या फोनवर आला. तिने फोन आपल्याकडे ओढून घेतला. "तू नको," ती म्हणाली. "तू गॅलरीत जा."

तो उठून गेला. सगुणाबाईंच्या शेजारी उभा राहिला.

कल्पिताने पिन टाकला. मेसेज लांब नव्हता. छातीत सकाळपासून जळजळतंय. डावा हातपण भरून आलाय, शिडी धरून असेल. येताना अ‍ॅसिडिटीची गोळी आण. फोन का बंद तुझा?

वेळ पाहिली. बातमी यायच्या दोन तास आधीची.

तिने तो परत एकदा वाचला. काउंटरवर कुणी हेच बोललं असतं, तर तिने त्याला तिथल्या तिथे बसवलं असतं, डॉक्टरांना हाक मारली असती. हे विचार तिच्या डोक्यात सरळ रांगेत आले आणि पुढे निघून गेले. काही तरी फुटेल, म्हणून ती थांबून राहिली. पण काहीच झालं नाही.

"काय म्हणतोय?" विकीने गॅलरीतूनच विचारलं.

सगुणाबाईंनीही मान वळवली होती. "काय लिवल्यान, गो?"

"येताना लिंबं आण म्हणतोय," कल्पिता म्हणाली.

"लिंबां तर घरात होती," सगुणाबाई म्हणाल्या. "तेका कधी दिसत नाय फ्रिजमधला." आणि इतक्या दिवसांनी त्या पदर तोंडाला लावून रडल्या. विकी खाली वाकून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. कल्पिताने पाणी आणून दिलं.

त्या आठवड्यात ती तो मेसेज रोज वाचत होती. कधी लॅबच्या बाथरूममध्ये, कधी भाजी चिरता चिरता. फोटो काढायला क्षणभरही लागला नसता. पण फोटो राहिला असता तर कधी तरी सासूबाईंच्या हाती लागला असता, आणि त्यांनी उरलेलं आयुष्य ते दोन तास मोजत काढलं असतं. एकटीने मोजलेले पुरेत, असं तिला वाटलं. किंवा तिला नेमकं काय वाटलं, तेही तिला धड सांगता आलं नसतं. तिने फोटो काढला नाही. पुढच्या रविवारी तिने अ‍ॅप उघडलं, तेव्हा पान कोरं होतं.

वेसाव्याला ती गेली नाही. सगुणाबाईंनी अडवलं नव्हतं, फक्त संध्याकाळी विचारलं होतं, "तू रवतलंस मा हय?" आणि तिने हो, इथेच राहणार, म्हटलं होतं.

पुढे काही दिवसांनी त्याच अ‍ॅपवर पुन्हा नवा संदेश आला. ती कामावरून येऊन नुकतीच बसली होती. या वेळी तिने लगेच पिन टाकला. विकीने अ‍ॅप घेतलं होतं. लिहिलं होतं, कल्पी, श्रुतिकाच्या घरी जाऊन आलो. तिने दार उघडलं, पण आत नाही बोलावलं. मी दारातच माफी मागितली. आईला सांगू नकोस.

कल्पिता स्क्रीनकडे पाहत राहिली. 'बरं केलंस' लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'वाचलं' एवढंच पाठवलं, फोन बाजूला ठेवला आणि सासूबाईंची रात्रीची गोळी काढायला उठली.