सुताराच्या दंडातला संशयी

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. एका सुताराच्या उजव्या दंडात, पुढच्या बाजूला माझा मुक्काम. बेडकुळी दाखवताना जी टम्म फुगते, ती मीच.

जन्मलो तेव्हा सुतळीएवढा होतो. मेंदूचा हुकूम चेतातंतूंवाटे आला की माझे बारीक धागे एकमेकांत सरकतात, मी आखडतो आणि हाताचे हाड वर ओढतो. कोपर वाकते. ओढणे एवढेच मला येते. ढकलणे मला येत नाही, कोणत्याच स्नायूला येत नाही.

मग हात सरळ कोण करतो? तो दंडाच्या मागचा स्नायू. जन्मभराचा शेजारी, पण त्याचे तोंड मी कधी पाहिलेले नाही. मी आखडलो की त्याने सैल पडायचे, तो आखडला की मी, असा आमचा रिवाज. मला मात्र पहिल्यापासून त्याची शंका येई. सैल पडणे हे काय काम झाले? हा गडी माझ्या जिवावर झोपा तर काढत नाही ना? रंधा पुढे सारताना जोर त्याचा लागे, पण कौतुक माझ्या वाट्याला येई. तरीही हा मागे काहीतरी शिजवतो आहे, असेच मला वाटत राही.

एके दिवशी सुतार स्टुलावरून पडला आणि कोपर मोडले. वाकवलेला हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. आत मी वाळलो, आखडलो आणि तसाच ताठरलो. प्लास्टर निघाले, पण हात पुरता सरळ होईना आणि रंधा फळीच्या मध्यावरच अडू लागला. ताकद गेली असे समजून सुतार पाण्याची बादली उचलण्याचा व्यायाम करू लागला. कोपर वाकवून, रोज पन्नास वेळा. मी खूश झालो आणि आणखी आवळलो. हात पूर्वीपेक्षा वाकडा दिसू लागला. मागच्यानेच अंग चोरले, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सुताराने हत्यारे पोत्यात भरायला घेतली. आता दुकान बंद करू म्हणाला. ते ऐकून त्याची मुलगी त्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे बळेच घेऊन गेली. बाईंनी आधी मागच्याला चाचपले, मग मला.

"मागचा बिचारा जीव तोडून ओढतोय, काका," त्या म्हणाल्या. "हा पुढचाच सोडत नाहीये. बादली बंद करा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्याच्यावर मी जन्मभर पाळत ठेवली, तो एकटाच सुताराचा धंदा वाचवायला धडपडत होता आणि मी त्याच्याविरुद्ध ओढत होतो.

मग गरम पाण्याचा शेक सुरू झाला आणि रोज सकाळी थोडेथोडे ताणणे. सोडून देणे इतके अवघड असेल असे मला वाटले नव्हते. प्रत्येक वेळी मनात येई, मी सोडले आणि याने दगा दिला तर? त्याने दिला नाही. अडीच महिन्यांनी रंधा फळीच्या टोकापर्यंत गेला. मुलीने लगेच पुढची फळी आणून ठेवली.

मित्रांनो, दुखरा हात जाणत्याला दाखवल्याशिवाय राबवू नका, आणि फुगून दिसणाऱ्याइतकेच मागे राहणाऱ्यालाही जपा. सुताराचा हात अजून बोटभर वाकडा राहतो. कोणी विचारले की तो स्टुलावरून पडल्याची हकिगत सांगतो. पण ते बोटभर वाकडेपण स्टुलाचे नाही, माझे आहे.