तूप चोळलेला पेला

सहा वर्षांच्या केमिरेम्बेला दूध चालत नव्हतं. थेंबभर पोटात गेलं तरी अंगभर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. किरुहुराच्या कुरणांत पाहुण्याला पाण्याआधी दूध देतात. तिथं असं लेकरू जन्माला आलं की दोष आईच्याच माथी. सासू, न्याकाटो, चारचौघांत म्हणायची, "दारात लांब शिंगांच्या साठ गाई, आणि नात पाण्यावर! आमच्या रक्तातलं हे नव्हेच."

पोरीची आई, काटुशाबे, उलटून बोलत नसे. पण लेकीसाठीचे नेम तिनं व्रतासारखे पाळले. भांडं वेगळं, फडकं वेगळं. ताक घुसळून झालं की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मुलीला शिवायचं नाही. मुलीचा लाल प्लास्टिकचा पेला मात्र सासूच्या डोळ्यांत सलायचा.

"लाकूड सोडून प्लास्टिकातून पिते! गुराख्याचं घर की फेरीवाल्याचं?"

शेवटी काटुशाबेनंच कोरा लाकडी पेला करवून आणला. तेवढंच म्हातारीचं मन राहील.

चौथ्या दिवशी पहिल्यांदा वापरायला काढला, तेव्हा पेला गुळगुळीत, चमकदार दिसत होता. काटुशाबेला बरं वाटलं. लाकडाचं भांडं असंच दिसायला हवं, हे तिच्या डोळ्यांना लहानपणापासूनचं वळण. तिनं स्वतःच्या हातानं त्यात पाणी ओतून लेकीला दिलं.

घटकाही गेली नसेल, पोरीचे ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. नवऱ्यानं, मुगुमेनं, मोटरसायकल पिटाळली. दवाखान्यात मांडीत सुई टोचली, तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर काटुशाबेनं विचारलं, "आई, पेल्याला काय लावलंत?"

"तूप. दुसरं काय लावतात? कोरं लाकूड तडकतं. तीन दिवस चोळत बसले तुझ्या लेकीसाठी."

"तूप दुधाचंच ना, आई!"

"तूप म्हणजे दूध? उद्या म्हणशील, शेण म्हणजे गवत!" म्हातारी एकटीच हसली.

मुगुमे खाली बघत म्हणाला, "मुद्दाम नाही केलं तिनं."

"मुद्दाम केलं असतं तर मला सावध राहता आलं असतं."

"वाचली ना पोर?" न्याकाटोनं हात पुढं केला. "थोडं थोडं पोटात गेलं की अंगवळणी पडेल. ये गं, माझ्या मांडीवर ये."

केमिरेम्बे आईच्या मागं सरकली. "हात धुतलेस, आजी?"

म्हातारीचा हात तसाच राहिला. "आईनं शिकवलंय हिला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

काटुशाबेला ते अश्रू खरे आहेत हे कळत होतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

"बाजारगावात खोली बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

"केळी लावणाऱ्यांच्या शेजारी? दारात एक गाय नाही? लोक काय म्हणतील?"

"पोर जगली, म्हणतील."



सकाळी तिनं गाठोडं बांधलं, लेकीचं बोट धरलं. कुंपणाशी थोडा वेळ थांबली. मुगुमे गाई पाण्यावर नेत होता. एकेकीला नावानं हाक मारत, मायेनं, एकही न विसरता.