साखर सात औंस, मैदा सव्वाचार

मी एक जुना पत्र्याचा कप आहे. मिनेसोटात इंगेबोर्ग त्वैत या बाईंच्या स्वयंपाकघरात गेली एकेचाळीस वर्षं मी साखर, मैदा, कोको मोजतो आहे. काठाला थोडा पोचा आला आहे. पण मित्रांनो, माझ्या पोटात पहिल्या दिवशी जेवढं मावायचं, तेवढंच आजही मावतं.

एका शनिवारी बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शेजारच्या गुडरुनआजींना दुसऱ्या दिवशी नव्वद वर्षं पुरी होणार होती, आणि चर्चमध्ये केक आणायचं बाईंनी कबूल केलेलं.

"मी करतो, तू बाहेर बस," त्यांचे यजमान ऑर्विल म्हणाले.

ऑर्विल यांची सगळी नोकरी धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी गेली. माझ्यासारख्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी मला साखरेने भरून काट्यावर बसवलं. सात औंस. म्हणजे एक कप सात औंसांचा, असं ठरवून त्यांनी तीन कप मैद्यासाठी एकवीस औंस मैदा तोलून ओतला. जवळजवळ पाच कप झाला तो. मी ओरडणार तरी कसा?

केक भट्टीतून निघाला, पण सुरी काही आत शिरेना. संशय येऊन ऑर्विल यांनी मला मैद्याने भरून तोललं. सव्वाचार औंस.

"हा कप खोटारडा आहे," त्यांनी जाहीर केलं. "साखरेला एक सांगतो, मैद्याला दुसरंच."

आणि माझी रवानगी गंजक्या खिळ्यांच्या डब्यात झाली. एकेचाळीस वर्षांच्या चाकरीनंतर!

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "ऑर्विल, कोठारावर गव्हाची एक पाटी किती भरायची?"

"साठ पौंड."

"आणि त्याच पाटीत ओट भरले तर?"

"बत्तीस."

"मग पाटीला कधी खोटारडी म्हणालास?"

"अगं, ओट हलके असतात, मध्ये हवा..." ऑर्विल बोलता बोलता थांबले. त्यांचे कान लाल झाले.

"मैदाही तसाच भुसभुशीत. साखर आपली घट्ट बसते. कप बिचारा नुसती जागा मोजतो."

ऑर्विल यांनी मला खिळ्यांतून उचललं आणि गरम पाण्याने तीनदा धुतलं. मग चमच्याने हलकेच मैदा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला.

रविवारी गुडरुनआजींनी केकचे दोन तुकडे खाल्ले. "एका हाताने कसा गं केलास?" त्यांनी विचारलं.

"दोन उसने घेतले," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, काठोकाठ भरा. फक्त वजन विचारू नका, ते काट्याचं काम. आणि एखाद्या मुक्या जिवाला डब्यात टाकण्याआधी, आपलाच प्रश्न चुकला नाही ना, तेवढं बघा.