रुखमाचा टाक

"मंगळसूत्र त्यायच्या नावाचं होतं, ते घ्या. हे त्यायच्या नावाचं नाई," कमला म्हणाली आणि तिनं मोठ्या जावेचं, जिजाबाईंचं मनगट धरलं.

नदीवर लक्ष्मणरावांचा दहावा चालला होता. बांगड्या फुटल्या, काळी पोत तुटली, कपाळ पुसून झालं, तरी कमलानं हूं की चूं केलं नव्हतं. जिजाबाईंचा हात गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे गेला तेव्हा मात्र ती जागी झाली. त्या दोऱ्यात चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा पातळ पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती बाई म्हणजे रुखमा, लक्ष्मणरावांची पहिली बायको. दुसरेपणावर आलेलीनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे ती मागे लागत नाही, अशी रीत. आता नवराच गेला, तेव्हा टाकही त्याच्या राखेसोबत पाण्यात सोडायचा, असं जिजाबाईंचं म्हणणं होतं.

"अवं, ज्याच्यापाई ते तुही सवत, थोच राह्यला नाई. आता कायची सवत?"

"मंग बहीण समजा," कमला म्हणाली, आणि ओल्या लुगड्यानं तशीच घाट चढून गेली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला या टाकाचा मनस्वी राग होता. लग्नात मंगळसूत्राच्या आधी गळ्यात पडला तो टाक. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. डोकं दुखलं तरी सासू म्हणायची, रुखमाचं काही राहून गेलं असेल. अठरा वर्षांच्या पोरीनं हे किती ऐकून घ्यायचं? पण पदरात रुखमाची नलू होती, दीड वर्षाची. ती तापानं फणफणली त्या दिवशी कमलानं टाक मुठीत धरून रुखमाला चांगलं खडसावलं, की लेकरू तुझं आहे, तूही बस जरा उशाशी. ताप उतरला आणि दोघींचं जमून गेलं. पुढे जाम गावच्या चौफुलीवर नवराबायकोनं चहाचं हॉटेल टाकलं. ट्रकवाल्यांसाठी पोहे परतताना कमला टाकाशी पुटपुटत राहायची. नवऱ्याशी बोलली नसेल तेवढी ती सवतीशी बोलली, बावीस वर्षं.

तेरवी आटोपली आणि चौदाव्या दिवशी कमलानं हॉटेल उघडलं. लोकांनी नाकं मुरडली, आणि चहा पिऊन गेले.

मग पितृपक्ष लागला. त्यातली नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. दर नवमीला रुखमाच्या नावानं सवाष्ण जेवायची, शेजारची गुलाब ठरलेली. यंदा जिजाबाई आधीच बजावून गेल्या, की नवरा जिवंत असेतोवरच ही नवमी करतात, आता बंद. शिवाय विधवेच्या हातचं हळदकुंकू कोण लावून घेईल? गुलाबला विचारलं तर तिनं मान खाली घातली. घरून नको म्हणाले, एवढंच बोलली. कमलानं आग्रह केला नाही, पण घरी येऊन भांडी अशी आपटली की मांजर पळून गेलं.

लक्ष्मणरावांची तिला काळजी वाटत नव्हती. त्यांच्या नावाची पाटी हॉटेलवर होती, भाऊ होते, त्यांना आठवणारं अख्खं गाव होतं. रुखमाचं काय होतं? फोटो नाही, माहेरचं कोणी उरलं नाही. टाक बुडवला आणि नवमीचं हे पानही बंद केलं, तर ती कधी जगात होती हे सांगायला काय राहणार होतं?

नवमीला तिनं पुरण घातलं, वडे केले, कढी केली, आणि रुखमाला आवडायची असं सासू सांगायची म्हणून भरली वांगी. पान घरात मांडलं नाही. भर अंगणात मांडलं, आपल्या आणि जिजाबाईंच्या घरामधल्या कुंपणापाशी, सगळ्यांना दिसेल असं. पानाच्या डोक्याशी टाक ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. कोणी आलं नाही. बाया रस्त्यानं गेल्या आणि पुढे जाऊन वळून पाहिलं.

दुपारच्या बसनं सेलूहून नलू उतरली. पान पाहिलं, टाक पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसली.

"मी जेवतो, माय. लाव कुंकू."

कमलाचा हात करंड्यावर थांबला. नलूचा नवरा ट्रकवर होता, रात्रंदिवस याच हमरस्त्यावर. आजवर कशाला न घाबरलेली बाई या एका बोटभर कुंकवाला घाबरली. तिनं ते बोलूनही दाखवलं.

"लहानपणी माही वेणी कोण घाले? तुह्या हातानं माहं वाईट होते का?" नलूनं कपाळ पुढे केलं.

कमलानं कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत, रस्त्यावरून दिसेल असं.

जेवता जेवता नलूनं टाक उचलला. आकृतीचं तोंड गुळगुळीत झालं होतं, नाक नाही, डोळे नाहीत.

"इचं तोंडच नाई राह्यलं वं."

"माह्या गळ्यावर घासलं ते," कमला म्हणाली. इतकी वर्षं जपलं, आणि जपण्यानंच पुसलं. आपण तर हिला कधी पाहिलंही नाही. रुखमाला जवळून पाहिलेलं बाईमाणूस घराण्यात एकच उरलं होतं, आणि ते मघापासून भरल्या कपाळानं कुंपणापलीकडे उभं होतं.

"पाहून काय राह्यल्या, जाऊबाई? सांगा पोरीले, कशी दिसे तिची माय."

जिजाबाई कुंपणाच्या काडीला धरून म्हणाल्या, "हनुवटीवर गोंदण होतं. तीन टिपके. हासे त पार विहिरीवर आयकू जाये. माह्यासंगच पाणी भरे ते."

नलूचा घास हातातच राहिला.

कमलानं टाक पुन्हा गळ्यात बांधला. कुंपणाकडे पाहत आणखी एक पत्रावळ झटकली, पाणी शिंपडून पुसली आणि नलूच्या शेजारी मांडली. मग कुंकवाचा करंडा त्या रिकाम्या पानापाशी उघडाच ठेवून ती वडे आणायला आत गेली.