हसऱ्या तोंडांचा तक्ता

वारंगा फाट्यावर अन्सारचाचांचं चहाचं हॉटेल आहे. एसटी तिथं दम खाते, ट्रकवाले तोंड धुतात, आणि महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारच्या वेळेला, कोपऱ्यातल्या बाकड्यावर तिघं जण येऊन बसतात. हे तिघं भाजीचे व्यापारी आहेत अशी चाचांची पक्की समजूत आहे.

चाचांची तरी काय चूक? द्वारकाबाई कुरुंदा गावच्या आशा सेविका. वीस वर्षं गावाचे उंबरे झिजवलेल्या. रामकिशन कळमनुरीकडचा, स्वतःची दारू सुटून नऊ वर्षं झाली, आता दुसऱ्यांची सोडवतो. आफिफा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक; नोकरीला अजून वर्ष व्हायचंय. तिघांचं काम एकच: मन आजारलेल्या माणसाजवळ बसायचं. पण अशा माणसाचं नाव चहाच्या टेबलावर कसं घ्यावं? म्हणून द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी कायदा केला, ज्याला त्याला भाजीचं नाव द्यायचं.

"कारलं बोलाया लागलं का भावासंगं?"

"बोलून राहिलं. पण भोपळा पुन्हा आडवा झाला."

चाचा लांबूनच सल्ला देत, "भोपळ्याला मांडव बांधा, मांडव!"

दुसरा कायदा त्याहून अवघड होता. इथं मिरवायला काही आणायचं नाही, आपली चूक आणायची. जो चूक आणील त्याला भज्यांची पहिली प्लेट. गेल्या चार महिन्यांत ती प्लेट आफिफासमोर एकदाही आली नव्हती.

"आमच्या मॅडमचं सगळं बराबर असतं," रामकिशन म्हणायचा. "चुकत्यात ते आमीच. पोट सुटलं माझं भजे खाऊन खाऊन."

त्या शनिवारी, बारा तारखेला, आफिफा चहा न पिता नुसती कप फिरवत बसली होती. पर्समध्ये एक कागद होता. तो काढावा की नको, यात अर्धा तास गेला. शेवटी तिनं वरचं नाव दुमडून तो टेबलावर ठेवला.

"दोडका," ती म्हणाली. "पन्नाशीची बाई. घरचे घेऊन आले. झोपत न्हाई, जेवत न्हाई, भिंतीकडं बघत बसती. मी तिला चेहऱ्यांचा तक्ता दिला. हसऱ्या तोंडापासून रडक्यापर्यंत पाच तोंडं. रोज जसं वाटंल त्या तोंडावर खूण करायची."

"मग?"

"दोन महिने झाले. रोज हसरं. मंगळवारी ती शेवटची येणार. फाईल बंद करायचं मीच बोलून बसले. पण पोलकं अंगावर लोंबून राहिलं, डोळे आत गेलेत. आन हे बघा."

द्वारकाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. बाईनं तो आठ तारखेला जमा केला होता. हसऱ्या तोंडांच्या खुणा मात्र तीस तारखेपर्यंत होत्या.

रामकिशन खो खो हसला. "पुढल्या तीन हप्त्यांचं हसणं आधीच हसून मोकळी झाली की बाई!"

आफिफाला मात्र हसू येईना. "फाईल बंद केली तर ती पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसंल, भाऊ. आन मला कळणारसुद्धा न्हाई."

तेवढ्यात भज्यांची प्लेट आली. द्वारकाबाईंनी ती सरळ आफिफासमोर सरकवली. "खा, माय. आता खरी आमच्यातली झालीस."

मग त्या सांगायला लागल्या. "एकदा गावात मोठे साहेब आले. विचारलं, काही तकलीफ हाय का? साऱ्या बाया म्हणल्या, न्हाई जी, सगळं बरं हाय. साहेबाची गाडी वळली न वळली तोच माझ्या ओट्यावर तकलिफीची रांग लागली. अगं, पाव्हण्यानं विचारलं की बरं हाय म्हणायची रीत हाय आपली. त्यात लेकीवानी पोरगी समोर बसलेली. तिला रडकं तोंड कोणती बाई दाखवंल?"

"माझ्या भोपळ्यानं वही ठेवली होती," रामकिशन म्हणाला. "पानापानावर लिवलेलं, आज घेतली न्हाई. वहीलाच वास येत होता, मॅडम! आन मी येडा, शाबासकी देत बसलो."

"मग केलं काय तुमी?"

"विचारणं सोडलं. मी त्याच्याबद्दल मुद्दाम चुकीचं बोलाया लागलो. माणूस विचारलेलं टाळतं, पण आपल्याबद्दल कुणी चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याबिगर त्याला राहवत न्हाई."

"हे आमच्या पुस्तकात नव्हतं," आफिफा म्हणाली.

"आमच्यात पुस्तकच नव्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन एक कर. मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत्यात ना, त्यांच्या कानावर घाल. नुसत्या गोष्टीनं सगळंच निघत न्हाई. झोप किती दिसांची गेली ते त्यांनला कळू दे."

चाचा कप उचलायला आले. "दोडका सुकून राहिला का? जमीन बदला."

मंगळवारी दवाखान्यात दोडका, म्हणजे निर्मलाबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात नवा तक्ता, कोरा. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या. उठून जायच्या तयारीनंच.

आफिफानं फाईल उघडली.

"मावशी, बंद करण्याआधी एकदा वाचून दाखवते. तुमची जाऊ दिवाळीत वारली. तुमचं तिच्याशी जमत नव्हतं, म्हणून ती गेल्याचं तुमाला काही दुःख न्हाई. असंच ठेवू ना?"

मान झटकन वर झाली, तसा पदर खांद्यावर आला.

"कोण म्हणलं जमत नव्हतं?"

"घरच्यांनी सांगितलं. रोज भांडणं व्हायची म्हणून."

"तीस वरीस भांडलो आमी! न जमता कोण भांडतं तीस वरीस?" निर्मलाबाई खुर्चीत पुरत्या बसल्या. "हळद निवडाया बसलो की भांडण. चहाला भांडण. मला ताप आला तर औषध घे म्हणून भांडण. आन आता लोक म्हणत्यात, जिती होती तवा तर पटत नव्हतं, आता काहून रडती? मंग मी रडायचं कुठं?"

आफिफानं पेन खाली ठेवलं. गप्प कधी राहायचं, एवढं तिला पुस्तकानंही शिकवलं होतं.

"त्या दिशी ताडपत्रीवरून वाजलं. तिनं आपला शब्द टाकला आन तरातरा निघून गेली. सकाळी उठलीच न्हाई. माझं उत्तर तोंडातच राहिलं, बाई. रातभर तेच घोळतं. डोळा मिटला की ती समोर, आन मी उत्तर शोधती."

"मग हसऱ्या तोंडावर खूण काहून केली, मावशी?"

"तुमची नवी नोकरी. वरचे लोक तक्ते बघत असतील. माझ्या रडण्यापायी पोरीला बोलणं नको."

आफिफा खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "ते उत्तर मला द्या. समजा मीच तुमची जाऊ."

निर्मलाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी? तुमाला भांडता तरी येतं का?"

"ताडपत्री तुमीच फाडली!" आफिफा जमेल तेवढ्या जोरात म्हणाली.

"एवढ्या बारीक आवाजात? ती बोलली की शेजारची म्हैस पान्हा चोरायची!" आणि निर्मलाबाई हसल्या. हसता हसता त्यांचं उत्तर सुटलं. ताडपत्रीचं, हळदीचं, न सांगता मरून जाण्याचं. आवाज चढला, फुटला, मग हळूहळू खाली आला आणि त्याला चाल लागली:

*जाऊ माझी भांडकुदळ, बोल तिचा खडीसाखर*
*ती गेली उठून, आता गोड लागंना भाकर*

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाकरीपाशी शब्द अडखळला. मान भिंतीला टेकली.

डॉक्टर कोणत्या दिवशी येतात हे आफिफा कागदावर लिहीत होती. "मावशी, त्या दिवशी मी पण तुमच्यासंगं…" म्हणत तिनं वर पाहिलं. निर्मलाबाईंचं तोंड किंचित उघडं होतं. श्वास संथ, खोल.

दारातून केसपेपरवाल्या मुन्नीनं डोकं आत घातलं. "मॅडम, पुढचा नंबर… अय्या! झोपल्या का काय? उठवू?"

"हात तर लावून बघ!" आफिफा दातओठ खात कुजबुजली. मग तिनं उठून पंखा एक घर वाढवला आणि पुढच्या माणसाला घेऊन बाहेर, कडुनिंबाखाली जाऊन बसली.