दडवलेलं बटण

रोजच्या चाचणीच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमने, कंपनीच्या साइटचं पान उघडलं, त्यावर ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटण शोधलं, मोजलं आणि हिरवा निकाल दिला: बटण एक, चाचणी पास. तेवढ्यात स्क्रिप्ट लिहिणारीला आत्याचा फोन आला.

“अगं, तुमच्या साइटवरून सुटायचं कसं? सकाळपासून शोधतेय, ते मेलं बटण कुठे दडलंय कोण जाणे!”

भाचीने पान स्वतः उघडून पाहिलं. बटण कोडमध्ये होतं, पडद्यावर नव्हतं. कुणीतरी ते मुद्दाम दडवलं होतं, आणि तिची स्क्रिप्ट रोज ते ‘आहे’ अशी साक्ष देत होती. तिला शिसारी आली. तिने स्क्रिप्टमधली एकच ओळ बदलली. निकाल आला लाल: बटणं शून्य.

साहेब तरातरा आले. “काल हिरवं होतं ना?”

“काल स्क्रिप्ट आंधळी होती. आता दिसतील तेवढीच बटणं मोजते.”

“दिसलं तर लोक सोडून जातील की!” लाज कोळून प्यायलेला तो माणूस चक्क हसला. “बटण असलं म्हणजे झालं. काढ तिचे डोळे.”