बैठकीचं कुलूप

मोताळ्यात भगवंतरावांचं दुमजली घर. खाली ते आणि अन्नपूर्णाबाई. वर कपडे शिवणारी अमीरबी, तिची मुलगी अलफिया, आणि पलीकडच्या खोलीत तहसीलात कामाला असलेला शेखर. वायफाय सगळ्यांत मिळून एकच. त्याचं राउटर भगवंतरावांच्या बैठकीत, भिंतीवरच्या फळीवर. आणि बैठकीला कायमचं कुलूप.

कुलपाचं कारण कापूस. आदल्या वर्षी भाव आभाळाला टेकला होता, म्हणून यंदा भगवंतरावांनी बोंडअळीतून वाचलेली सगळी वेचणी बैठकीत ठासून ठेवली. भाव मात्र खालीच येत गेला. चौकात गावातल्या अर्जुनरावांनी कापसाचं विचारलं तेव्हा यांनी मिशीवर हात फिरवून सांगून टाकलं, "इकला ना बे! मोक्यावर इकला." एकदा बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची? तेव्हापासून हा माणूस स्वतःच्याच बैठकीत चोरासारखा शिरू लागला. कापसातल्या किड्यांनी हातांना खाज सुटली, तर ती लपवायला भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे सदरे आले.

त्याच उन्हाळ्यात नेट पार बसलं. मोबाइलवर नुसतं चक्र गरगरत राही. शेखर दोनदा म्हणाला, "काका, राउटर एकदा पाहू द्या." दोन्ही वेळा नेमकी किल्ली सापडली नाही.

मग एका मंगळवारी अलफिया खाली आली. नर्सिंग झालेली, शहाणी पोर. "काका, उद्या सकाळी माही मुलाखत हाय, संभाजीनगरच्या दवाखान्याची. व्हिडिओवर घेनार हायेत. राउटर जिन्यापाशी आणलं तर वर नीट येईन. तुम्ही बसा, मी उचलून आणते."

शेखरही जिन्यात येऊन उभा राहिला. आता किल्ली हरवून भागणार नव्हतं. भगवंतराव कोंडीत सापडले, आणि तोंडाला येईल ते बोलून गेले.

"राउटरले काय धाड भरली हाय? नेट तू खाऊन राह्यली! दिवसभर गाणे, दिवसभर व्हिडिओ. तुह्यापायी बाकीच्याईनं काऊन भोगावं? शेखर, पासवर्ड बदलून टाक आजच्या आज!"

आवाज पार गल्लीत गेला. शिवणयंत्र थांबलं आणि अमीरबी जिन्यात आली. अलफियानं एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि काही बोलायला तोंड उघडलं. अमीरबीनं तिचा दंड धरला.

"ठीक हाय, भाऊ," ती म्हणाली. "नाही वापरनार पोरगी." आणि पोरीला वर घेऊन गेली.

भगवंतरावांची खोली वाचली. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी शेखर खाली उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच. "काका, अलफिया स्टँडवर गेली मुलाखत द्याले. तिथं मोबाइलले थोडी रेंज येते म्हने. अन् नेट हाय तसंच हाय. मंग खाऊन कोन राह्यलं होतं?"

भगवंतराव उत्तर जुळवत होते, तोच स्वयंपाकघरातून अन्नपूर्णाबाई ओरडल्या, "अहो, बैठकीतून जळका वास येऊन राह्यला!"

मग शेखर पाहतो आहे की नाही याचंही भान राहिलं नाही. कुलूप निघालं. कापसाचा ढीग घसरून फळीवर चढला होता आणि राउटर त्यात पुरतं गाडलं गेलं होतं. भगवंतरावांनी कोपरापर्यंत हात घालून ते उपसून काढलं. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं तापलं होतं, आणि भोवतीचा कापूस तांबूस पडला होता. या खोलीच्या बरोबर वर अमीरबी आणि अलफिया झोपत.

शेखरनं राउटर जिन्यात ठेवलं. ते निवलं तसा त्याच्या मोबाइलवर अडकलेल्या निरोपांचा सपाटा सुरू झाला. भगवंतरावांनी तोवर मोटरसायकल काढली होती.

स्टँडवर बाकावर अलफिया बसली होती. मोबाइल मांडीवर पालथा.

"झाली?"

"तुटत तुटत झाली, काका. गाड्याईचे हॉर्न, अन् माहा आवाज त्यायले जातच नव्हता. कळवतो म्हनले." एवढं बोलून ती उठली आणि हळूच त्यांच्या खांद्यावरचा, केसांतला कापूस वेचायला लागली. "काका, लय लागला हाय. लोकं पाह्यतील."

"तुले ठाऊक होतं?"

"हाव. अम्मीले बी. तुमच्या हाताची खाज दिसतच होती ना. अम्मी म्हने, भाऊचं नाव जाईन, कोनाले बोलू नोको."

भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण हिचं नाव गल्लीभर बदनाम केलं, आणि ही काल जिन्यात आपलं नाव राखत उभी होती.

"लाव त्यायले फोन," ते म्हणाले. "मी बोलतो."

समोर पानठेल्यावर अर्जुनराव उभे होते. भगवंतरावांना ते दिसले. तरी आवाज खाली आला नाही.

"हॅलो, मी अलफियाचा घरमालक. पोरीचा काही कसूर नाही. माह्या बैठकीत न इकलेला कापूस पडून हाय. मशीन त्याच्यात दबलं होतं. कापूस लपवाले मी नाव या पोरीचं घेतलं. तिले अजून एक बार बोलू द्या."

पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. फोनवरची बाई साहेबांना विचारून सांगते म्हणाली आणि फोन बंद झाला.

"काका, हळू बोलाचं ना," अलफिया पुटपुटली. वेचलेला कापूस तिनं अजूनही मुठीत झाकून धरला होता.